बारा इंचांचा कागद आणि सहासष्ट ओळी: कार्यालयीन प्रिंटरच्या दुरुस्तीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील बँका, विमा कार्यालये, सहकारी साखर कारखाने, नगरपालिका आणि तहसील कचेऱ्या यांमध्ये संगणक पोचला, तेव्हा तेथील कामाचा निकाल पडद्यावर लागत नसे. तो कागदावर लागत असे. खतावणीचे पान, पगारपत्रक, उसाच्या वजनाची पावती, सात-बाराचा उतारा यांपैकी काहीही छापून हातात आल्याखेरीज काम झाले असे मानण्याची कचेरीची रीत नव्हती, आणि त्यामुळे छपाई अडली की संगणक चालू असूनही कचेरी अडत असे. भारतातील संगणकाच्या इतिहासलेखनात मात्र प्रिंटरला, आणि त्याहूनही त्याच्या दुरुस्तीला, फारच थोडी जागा मिळाली आहे. ही उणीव खटकण्याजोगी आहे, कारण जुन्या कार्यालयीन संगणकांवर प्रिंटरच्या ज्या तक्रारी वारंवार येत त्या नीट तपासल्या, तर त्यांतील बऱ्याचशा मोडलेल्या भागांच्या नव्हत्या असे दिसते. त्यांच्या मुळाशी यंत्राने गृहीत धरलेली गोष्ट आणि कचेरीतील वस्तुस्थिती यांच्यातील विसंगती होती: यंत्र अकरा इंचांचा कागद गृहीत धरी आणि कचेरीत बारा इंचांचा असे, यंत्राला रोमन अक्षरे ठाऊक असत आणि शासनाला मराठी हवी असे, यंत्र अमेरिकी आकाराचा कागद मागे आणि ट्रेमध्ये ए-४ भरलेला असे. या विसंगती ओळखण्याचे आणि मिटवण्याचे जे ज्ञान कचेऱ्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत घडले, त्याचा मागोवा येथे घेतला आहे.

या ज्ञानाचा पहिला टप्पा मेनफ्रेमचा, म्हणजे स्वतंत्र वातानुकूलित खोली व्यापणाऱ्या मोठ्या संगणकांचा. १९६० च्या दशकात मुंबईतील तेलकंपन्या, विमा महामंडळ आणि गिरण्यांच्या कचेऱ्यांत आयबीएमची १४०१ ही यंत्रणा येऊ लागली, आणि तिच्या जोडीला १४०३ हा ओळछपाई करणारा प्रिंटर असे. अक्षरांची एक साखळी आडवी फिरत राही आणि हवे ते अक्षर नेमक्या स्थानी येताच मागून हातोडी कागदावर आदळे. अशा रीतीने एका ओळीत १३२ अक्षरे आणि मिनिटाला ६०० ओळी छापल्या जात. पान कोठे संपते हे या प्रिंटरला कळत असे ते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीच्या एका वलयावरून. छापल्या जाणाऱ्या नमुन्याच्या लांबीइतकी ही पट्टी कापून, तिची टोके चिकटवून यंत्रात बसवावी लागे. पट्टी फाटली किंवा दुसऱ्या नमुन्याची पट्टी चुकून राहिली की कागद थांबायच्या जागी न थांबता वेगाने पुढे निघून जाई. पानाची लांबी यंत्राला कोणी आणि कशी सांगायची हा प्रश्न अशा प्रकारे छपाईच्या आरंभापासूनच उभा होता, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत तो निराळ्या रूपाने परत आला.

या काळात यंत्राला हात लावण्याचा अधिकार कंपनीच्या अभियंत्याचाच असे. यंत्रे बहुधा भाड्याने दिलेली असत, आणि देखभाल त्या भाड्यातच धरलेली असे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय गुंडाळला, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडे आली. सुटे भाग बाहेरून मिळण्याची खात्री उरली नसताना परकी यंत्रे चालती ठेवणे हेच या संस्थेचे काम होते, आणि दुरुस्ती हा निर्मात्याच्या छत्राबाहेरही करता येणारा स्वतंत्र व्यवसाय आहे ही कल्पना या देशात तिने रुजवली, असे म्हणण्यास आधार आहे. प्रिंटरच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष होते, कारण मेनफ्रेमच्या खोलीतील सर्वाधिक हलणारे, म्हणून सर्वाधिक झिजणारे यंत्र तेच होते.

परिस्थिती खऱ्या अर्थाने पालटली ती १९८४ नंतर. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयात आणि उत्पादन यांवरील बंधने सैल केली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने बँकांच्या शाखांत प्रगत खतावणी यंत्रे बसवण्याची शिफारस केली. कर्मचारी संघटनांचा यांत्रिकीकरणाला विरोध होता आणि तो अकारण नव्हता. तरीही दशक संपेपर्यंत शाखांच्या टेबलांवर छोटे संगणक आणि त्यांच्या शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसू लागले. डॉट मॅट्रिक्स म्हणजे ठिपक्यांच्या जाळीतून अक्षर उभे करणारा प्रिंटर. त्याच्या हेडमध्ये, म्हणजे डावी-उजवीकडे धावणाऱ्या छपाईच्या मुखात, बारीक तारांच्या ९ किंवा २४ पिना उभ्या ओळीत बसवलेल्या असतात. प्रत्येक पिनेमागे एक विद्युतचुंबक असतो, आणि तो क्षणभर जागा झाला की पिन शाईच्या फितीवर आदळून कागदावर एक ठिपका उमटवते. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या एमएक्स-८० या नऊ पिनांच्या प्रिंटरने या वर्गाला घाट दिला. आयबीएमने आपल्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर हाच प्रिंटर स्वतःच्या नावाने विकला, आणि एप्सनची आज्ञापद्धती ही जवळजवळ सर्व प्रिंटरांची समान बोली झाली. भारतात विप्रो आणि टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स या कंपन्यांचे प्रिंटर सर्वाधिक पसरले, आणि त्यांनाही हीच बोली समजत असे.

या प्रिंटरांना लागणारा कागद सलग, घड्या घातलेला आणि दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर छिद्रे असलेला असे. ट्रॅक्टर नावाची दातेरी चाके त्या छिद्रांत दाते घालून तो पुढे ओढत. अमेरिकेत त्याच्या एका पानाची लांबी ११ इंच असे. एका इंचात सहा ओळी बसत असल्याने पानाला ६६ ओळी हा हिशेब तेथून आलेल्या बहुतेक प्रणालींत कायमचा कोरलेला होता. भारतीय बाजारात मात्र ८० स्तंभांसाठी १० बाय १२ आणि १३२ स्तंभांसाठी १५ बाय १२ इंचांचा कागद रूढ झाला, म्हणजे पानाला ओळी झाल्या ७२. जी प्रणाली पान उलटण्याची स्वतंत्र आज्ञा न देता केवळ ओळी मोजून पुढचे पान सुरू करी, ती या कागदावर प्रत्येक पानाला एक इंच मागे पडे: दुसऱ्या पानाचे शीर्षक पहिल्या कागदाच्या तळच्या इंचात, तिसऱ्याचे त्याहून एक इंच वर, असे सरकत सरकत अकरा कागद संपल्यावर शीर्षक पुन्हा अचूक माथ्यावर येई. लांबलचक यादी छापताना दोष आपोआप सुधारला असे भासण्यामागे हे गणित होते, आणि कागद सरकतो म्हणून ट्रॅक्टरवर ठपका ठेवण्यामागेही तेच. ट्रॅक्टर निर्दोष असे. एप्सन धर्तीच्या अनेक प्रिंटरांत पानाची लांबी ११ की १२ इंच हे ठरवणारा एक लहानसा डिप स्विच असे. डिप स्विच म्हणजे टोकदार वस्तूने वर-खाली करायच्या बारीक कळांची पट्टी. ती बहुधा झाकणाखाली वा मागील बाजूस दडलेली असे. हा स्विच बदलून प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करणे, किंवा छपाईच्या आरंभी एस्केप हे अदृश्य चिन्ह, सी हे अक्षर आणि ७२ हा आकडा एवढी आज्ञा पाठवणे, यांपैकी जे प्रणालीला मानवे ते करावे लागे. स्विच केवळ प्रिंटर सुरू होतानाच वाचला जातो हे ठाऊक नसल्यामुळे योग्य उपाय करूनही तो निरुपयोगी ठरण्याचे प्रसंग या व्यवसायात नित्याचे होते.

त्याच पट्टीवरील दुसरा स्विच आणखी एका सार्वत्रिक तक्रारीचे मूळ होता. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन क्रिया घडतात: गाडा डावीकडे परततो आणि कागद एक ओळ वर सरकतो. संगणकाने या दोन क्रियांसाठी दोन वेगळी चिन्हे ठेवली, पण काही प्रणाली दोन्ही पाठवत आणि काही फक्त गाडा परत आणण्याचे. प्रिंटरने कागद आपण होऊन सरकवायचा की आज्ञेची वाट पाहायची हे या स्विचवर ठरे. तो एका बाजूला चुकला तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सुटे. दुसऱ्या बाजूला चुकला तर साऱ्या ओळी एकाच जागी छापल्या जाऊन कागद फाटेपर्यंत काळा होई. कचेरीच्या दृष्टीने हे दोन वेगळे बिघाड होते. वास्तविक ती एकाच मतभेदाची दोन टोके होती.

दोष कोठे आहे हे शोधण्याची जी पद्धत या काळात रूढ झाली, ती तिच्या साधेपणामुळे आणि काटेकोरपणामुळे विशेष नोंद घेण्याजोगी आहे. संगणक, केबल, प्रिंटर आणि कागद अशी ही साखळी असून तिचा एकेक दुवा सुटा करून तपासायचा, हे तिचे तत्त्व. प्रथम केबल काढून, ओळ सरकवण्याचे बटण दाबून धरून प्रिंटर सुरू करायचा; मग तो आपल्या स्मृतीतील अक्षरे आपण होऊन छापत राहतो. या स्वचाचणीत छपाई स्वच्छ आली तर हेड, फीत, मोटर आणि वीजपुरवठा हे सारे एका फटक्यात संशयातून मुक्त होत, आणि चौकशी केबल व संगणकाकडे वळे. ओळ सरकवण्याचे आणि पान सरकवण्याचे अशी दोन्ही बटणे दाबून सुरू केल्यास अनेक प्रिंटर आलेली प्रत्येक आज्ञा न पाळता तिचे सांकेतिक आकडे छापून दाखवत. संगणक खरोखर काय पाठवतो आहे याचा याहून निःसंदिग्ध पुरावा पुढील काळातील महागड्या प्रिंटरांनीही सामान्य वापरकर्त्याच्या हाती क्वचितच दिला.

केबलची बाजू अधिक नाजूक होती. संगणकाकडे २५ पिनांचे आणि प्रिंटरकडे ३६ संपर्कांचे सेंट्रॉनिक्स नावाचे टोक असलेली ही जाड केबल आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर वाहून नेई, आणि उरलेल्या तारांपैकी काहींवरून प्रिंटर आपली अवस्था कळवी: व्यग्र आहे, कागद संपला आहे, निवडलेला आहे, दोष आहे. डॉस या आज्ञाप्रणालीत पीआरएन हे उपकरण तयार नसल्याचा जो संदेश येई आणि त्यापाठोपाठ रद्द करा, पुन्हा प्रयत्न करा, दुर्लक्ष करा असे पर्याय दिले जात, त्याचा अर्थ या तारांपैकी एखादीवर अपेक्षित संकेत आला नाही एवढाच असे. ऑनलाइनचे बटण दाबलेले नसणे, कागदाच्या संवेदकावर फाटक्या कागदाचा तुकडा अडकलेला असणे, किंवा टेबल झाडताना केबल सैल होणे ही त्याची नित्याची कारणे होती. मात्र दोन्ही यंत्रे चालू असताना केबल काढण्या-घालण्याची सवय घातक ठरे; विशेषतः संगणक आणि प्रिंटर वेगवेगळ्या सॉकेटांवर असून इमारतीची अर्थिंग सदोष असेल तर जोडणीच्या क्षणी पोर्टची, म्हणजे केबल जोडण्याच्या जागेची, चिप जळून जाई. पावसाळ्यात आणि वीजकपातीच्या वर्षांत अशा जळलेल्या पोर्टांचे प्रमाण का वाढे, याचे उत्तर प्रिंटरपेक्षा इमारतीच्या वायरिंगमध्ये शोधावे लागे.

वीजकपातीशी निगडित आणखी एक तक्रार होती, ती म्हणजे निरर्थक चिन्हांची पाने. चित्ररूप मजकूर पाठवताना संगणक प्रथम पुढे इतके ठिपके येत आहेत अशी सूचना देतो आणि मग ते ठिपके पाठवतो. मध्येच प्रिंटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर सूचना विसरली जाते, उरलेले ठिपके तेवढे येत राहतात, आणि प्रिंटर त्यांना अक्षरे समजून पानामागून पाने खर्ची घालतो. घाईने प्रिंटरचे बटण बंद करणे हा स्वाभाविक पण नेमका उलटा उपाय होता. आधी संगणकावरील काम रद्द करणे आणि मगच प्रिंटर बंद करणे हा क्रम अनुभवी कारकून नवख्याला शिकवीत असत. ज्या बँकशाखांत युनिक्स प्रणालीवर अनेक टर्मिनले एकाच प्रिंटरला जोडलेली असत, तेथे हा क्रम आणखी महत्त्वाचा ठरे, कारण रांगेत उभी असलेली कामे वेगवेगळ्या टेबलांची असत आणि एकाने सारी रांग पुसली तर दुसऱ्याचे दिवसअखेरचे कागदही त्यात जात.

खरोखर झिजणारे आणि मोडणारे भाग दोनच होते, फीत आणि हेड, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध समजून न घेतल्याने कचेऱ्यांनी पुष्कळ पैसा गमावला. फितीतील तेलकट शाई छपाईसाठी तर असतेच, पण ती पिनांना वंगणही पुरवते. काटकसरीपोटी फीत पार फिकी होईपर्यंत वापरली की पिना कोरड्या पडून मार्गिकेत अडकतात, आणि अडकलेली पिन धावत्या हेडबरोबर फितीच्या धाग्यात गुंतली की वाकते किंवा तुटते. हेड आणि कागद यांतील अंतर ठरवणारी तरफ हे दुसरे कारण. कार्बनच्या तीन प्रती काढताना ती मागे आणि एकेरी कागदासाठी पुढे घ्यावयाची असते. ती जाड कागदावरही पुढेच राहिली तर पिनांवर ताण येतो. तुटलेली पिन ओळखणे मात्र अतिशय सोपे होते, कारण प्रत्येक अक्षरातून एकाच उंचीवर एक पांढरी आडवी रेघ जाई. या टप्प्यावर कंपनीच्या नियमानुसार संपूर्ण हेड बदलले जाई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, आणि त्या धर्तीवर इतर शहरांतही जी दुकाने उभी राहिली, त्यांनी हेड उघडून एकेक पिन बदलण्याची आणि सर्व टोके घासून एका पातळीत आणण्याची कारागिरी आत्मसात केली. हेड बदलण्यापूर्वी प्रत्येक पिनेच्या वेटोळ्याचा रोध मल्टीमीटरने मोजायचा आणि एखादे वेटोळे जळलेले आढळले तर त्याला वीज पुरवणारा सर्किट बोर्डावरील ट्रान्झिस्टर तपासायचा, हा या दुकानांतील पक्का नियम होता. कारण ट्रान्झिस्टर लघुपरिपथित झालेला असेल तर नवे हेडही बसवताक्षणी जळते. ही विद्या बहुतांशी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती हाताखालच्या मुलांनी बघून शिकली, आणि तिच्या जोरावर बारा-पंधरा वर्षांचे प्रिंटर चालते राहिले. या कारागिरांचे ऋण कचेऱ्यांनी कधी नोंदले नाही.

महाराष्ट्रातील कार्यालयांपुढे याहून कठीण असा एक प्रश्न होता, तो लिपीचा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी ठरवली होती, तर प्रिंटरच्या स्मृतीत भरलेली अक्षरे रोमन होती. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे जे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झाले, ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट या नावाने पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवले की डॉसवरील रोमनसाठी लिहिलेल्या प्रणालीही देवनागरी दाखवू आणि छापू शकत. अक्षरांचे सांकेतिक आकडे इस्की या मानकाप्रमाणे, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ प्रमाणे असत: रोमन अक्षरे पहिल्या १२८ जागांत आणि भारतीय अक्षरे पुढच्या १२८ जागांत. प्रिंटरच्या पुढच्या १२८ जागांत मात्र निराळेच काही भरलेले असे. एप्सनच्या मूळ तक्त्यात तेथे रोमन अक्षरांचीच तिरपी रूपे होती आणि आयबीएमच्या तक्त्यात चौकटी आखण्याच्या रेघा. या दोहोंपैकी कोणता तक्ता हे पुन्हा एका डिप स्विचवर ठरे. परिणामी जिस्टची मध्यस्थी वगळून मजकूर थेट प्रिंटरला गेला, तर इस्कीत १७९ हा आकडा असलेला ‘क’ एका कचेरीत तिरपा तीनचा आकडा होऊन उतरे आणि दुसऱ्या कचेरीत उभी रेघ होऊन. मराठी उतारा तिरप्या आकड्यांत आला की चौकटींत आला एवढ्यावरून जाणकार माणूस प्रिंटरचा स्विच कोणत्या बाजूला आहे हे न उघडता सांगू शके, आणि दोष प्रिंटरचा नसून मध्यस्थ प्रणाली निसटल्याचा आहे हेही.

मध्यस्थी व्यवस्थित चालू असतानाही देवनागरी छपाई प्रिंटरच्या उणिवा उघड्या पाडत असे. रोमन अक्षर नऊ पिनांच्या उंचीत एका फेरीत बसते. शिरोरेषा, वरच्या मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरे यांना ती उंची पुरत नाही, म्हणून मराठीची एक ओळ चित्र म्हणून दोन किंवा अधिक आडव्या पट्ट्यांत छापावी लागे. कागद सरकण्याचे अंतर पट्टीच्या उंचीशी तंतोतंत जुळले नाही तर अक्षरांच्या मधून पांढरी फट जाई. हेड डावीकडून जाताना आणि उजवीकडून येताना जर किंचित वेगळ्या जागी ठोकत असेल, तर काना आणि अक्षरांचे उभे दंड मध्येच मोडल्यासारखे दिसत. रोमन मजकुरात मात्र हीच चूक लक्षातही येत नसे, कारण तेथे एक अक्षर दोन फेऱ्यांत विभागले जात नाही. एकाच दिशेने छापण्याची आज्ञा दिल्यास हा दोष जाई, पण मुळातच संथ असलेली चित्रछपाई आणखी मंदावे. तुटलेली पिन शिरोरेषेच्या वाटेवर आली तर संपूर्ण पानाची शिरोरेषाच नाहीशी होई. ज्या प्रिंटरवर इंग्रजी यादी समाधानकारक येते त्यावर मराठी आदेश बिघडलेला येतो, ही कचेऱ्यांतील तक्रार त्यामुळे खरी होती. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयाला यंत्राची निगा अधिक काटेकोरपणे राखावी लागली, आणि हा जादा भार कोणत्याही खरेदीच्या हिशेबात धरला गेला नाही.

१९९० च्या दशकात विंडोज आल्यावर श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींनी मराठी अक्षरे फाँटच्या रूपाने दिली. त्या फाँटांत प्रत्येकाचे सांकेतिक आकडे वेगळे होते, आणि एका संगणकावर लिहिलेले पत्र तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावरून छापले की कागदावर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उतरे. दुरुस्तीच्या नोंदींत ही तक्रारही प्रिंटरच्याच खात्यावर पडत असे.

याच दशकात लेझर प्रिंटर कचेऱ्यांत स्थिरावला. हेवलेट-पॅकार्डने १९८४ मध्ये कॅननच्या यंत्रणेवर आधारलेला पहिला लेझरजेट आणला होता. प्रकाशसंवेदी ड्रमवर लेझर किरणाने अदृश्य विद्युतचित्र काढायचे, त्यावर टोनर नावाची भुकटी ओढून घ्यायची, ती कागदावर उतरवायची आणि फ्यूजर या तापलेल्या रुळाखाली वितळवून पक्की करायची, हे त्याचे तत्त्व. येथेही पहिली मोठी तक्रार कागदाच्या आकाराचीच होती. अमेरिकी प्रणालींत लेटर, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, हा आकार आपोआप निवडलेला असे; ट्रेमध्ये २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-४ भरलेला असे. तेव्हा जुन्या लेझरजेटच्या पट्टीवर ‘पीसी लोड लेटर’ हे शब्द झळकत. येथील पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. परंतु ही अक्षरे पर्सनल कॉम्प्युटरची म्हणूनच सर्वांच्या ओळखीची असल्याने संदेश वाचून दोष संगणकात शोधला जाई, आणि ट्रेमध्ये कागद असूनही तो मागतो कसा हे कोडे सुटत नसे. पानाच्या मांडणीत ए-४ निवडणे एवढाच त्याचा उपाय होता. फुलस्केप कागदाची अडचण याहून गहन होती. लेझर प्रिंटर कागदाची मागची कड किती क्षणांत संवेदकापुढून जायला हवी हे निवडलेल्या आकारावरून ठरवतो. निवड ए-४ ची आणि कागद त्याहून लांब असेल तर कड उशिरा येते, आणि यंत्र कोठेही काही अडकलेले नसताना कागद अडकल्याची सूचना देऊन थांबते.

लेझर प्रिंटर खऱ्या अर्थाने सर्वत्र पोचला तो २००३ नंतर, १२ए या टोनर काडतुसावर चालणाऱ्या छोट्या लेझरजेटांमुळे. या काडतुसात टोनर, ड्रम आणि ड्रम पुसणारे पाते हे सारे एकत्र असल्याने झिजणारे बहुतेक भाग एका वस्तूत आले, आणि ते उघडून टोनर पुन्हा भरण्याचा व्यवसाय तालुक्याच्या गावापर्यंत पसरला. रोगनिदानाची पद्धतही बदलली. आता ती कागदावरील खुणा वाचण्याची झाली. उभी काळी रेघ पाते झिजल्याची किंवा ड्रमला चरा गेल्याची. बोटाने पुसली जाणारी छपाई फ्यूजर पुरेसा तापत नसल्याची. आणि पानावर ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा उमटत असेल तर ते अंतर मोजायचे, कारण ते ज्या रुळाच्या परिघाइतके असेल तो रूळ सदोष. १२ए च्या ड्रमचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर असल्याने त्या अंतरावरचा डाग ड्रमकडे बोट दाखवी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट झालेला कागद फ्यूजरमध्ये गुंडाळला जाई किंवा छपाई फिकट येई. तेथे काडतूस बदलण्यापेक्षा कागदाचे बंद रीम वापरण्याच्या वेळीच उघडणे अधिक उपयोगी ठरे.

मात्र याच यंत्रांबरोबर दोषाचे ठिकाण डोळ्यांआड गेले. २००५ चा लेझरजेट १०२० भारतीय कचेऱ्यांत फार मोठ्या प्रमाणावर पसरला. त्याला स्वस्त करण्यासाठी पान रचण्याचे काम प्रिंटरमधून काढून संगणकातील ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटरशी बोलणाऱ्या प्रणालीवर, सोपवले होते. इतकेच नव्हे, तर त्या प्रिंटरला चालवणारी अंतर्गत आज्ञावलीही कायमच्या स्मृतीत नसून प्रत्येक वेळी वीज आल्यावर संगणकाकडून पाठवावी लागे. साहजिकच डॉसवरील जुन्या हिशेबप्रणालीला हा प्रिंटर मुळी ओळखताच येत नसे, आणि संगणकाऐवजी, प्रिंटर संगणकांच्या जाळ्याला जोडणाऱ्या साध्या डब्यावर तो लावला तर वीज जाऊन आल्यानंतर मुका राही. केबल काढून स्वचाचणी घेण्याची जुनी पद्धत येथे अर्ध्यावरच थांबते. यंत्राचा देह निर्दोष आहे एवढे कळते, पण बिघाड असतो संगणकात. विंडोजवरील सर्वांत वारंवार येणारी तक्रार, म्हणजे रांगेत अडकलेले आणि रद्दही न होणारे काम, ही याच जातीची. छपाईची कामे रांगेत ठेवणारी स्पूलर नावाची सेवा प्रत्येक काम दोन फायलींच्या रूपाने सिस्टिम-३२ मधील स्पूल फोल्डरात साठवते. त्यांतील एक फाइल बिघडली की मागची सारी कामे थांबतात. सेवा थांबवणे, त्या फोल्डरातील फायली पुसणे आणि सेवा पुन्हा सुरू करणे हा त्यावरचा क्रम जुन्या विंडोजपासून आजतागायत टिकला आहे.

याच स्पूलरमध्ये २०२१ च्या जून-जुलैमध्ये गंभीर सुरक्षादोष उघड झाले, आणि मायक्रोसॉफ्टने पुढील महिन्यांत जाळ्यावरून ड्रायव्हर बसवण्याचे व सामायिक प्रिंटरशी जोडणीचे नियम कडक केले. ज्या कार्यालयांत एका जुन्या संगणकाला जोडलेला प्रिंटर इतर टेबलांना वाटून दिलेला होता, तेथे त्या सप्टेंबरपासून ११बी या शेपटाची त्रुटी येऊन छपाई बंद पडली. विंडोजच्या रजिस्ट्री या अंतर्गत नोंदवहीतील एक किंमत शून्य करून जुनी शिथिलता परत आणता येत असे, आणि अनेक ठिकाणी तसेच केले गेले. तो उपाय सुरक्षेचे दार पुन्हा उघडे ठेवणारा असल्याने सर्व संगणक एकाच पातळीवर अद्ययावत करणे हाच त्याचा योग्य मार्ग होता. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांना पाठबळ देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. ज्या प्रिंटरची सारी बुद्धी ड्रायव्हरमध्येच आहे, त्याच्या बाबतीत याचा अर्थ यंत्र शाबूत असूनही निकामी होणे असा होऊ शकतो. चार दशकांपूर्वीच्या आज्ञापद्धतीवर चालणारा डॉट मॅट्रिक्स मात्र विंडोजमधील केवळ मजकुरासाठीच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवरही चालतो, आणि कार्बनच्या प्रती व पासबुके यांसाठी तो अजून वापरात आहे. परंतु त्या मार्गाने फक्त रोमन मजकूर जातो. देवनागरी आता युनिकोड या समान सांकेतिक पद्धतीत असली तरी ती प्रिंटरपर्यंत चित्र होऊनच पोचते आणि ते चित्र रचायला पूर्ण ड्रायव्हर लागतो, त्यामुळे मराठीत पावती वा उतारा छापणाऱ्या कचेरीला जुना प्रिंटर टिकवण्यासाठी त्याच्या पिनांइतकाच त्याचा ड्रायव्हरही जपून ठेवावा लागतो.